दुधाचे दात, दवाखान्याची धास्ती आणि भूल

“दुधाचेच तर दात आहेत, पडणारच की चार दिवसांनी! त्यावर कशाला पैसे घालवायचे?” हे वाक्य तुम्ही सासूबाईंच्या तोंडून ऐकलं असेल, शेजारणीकडून ऐकलं असेल, आणि खरं सांगा, कधीतरी स्वतःही म्हटलं असेल. वाक्य अर्धं खरं आहे. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. चार वर्षांच्या लेकराची दाढ आज किडली, तर तिला अजून सहा-सात वर्षं चावायचं काम करायचं आहे. शिवाय खाली तयार होणाऱ्या पक्क्या दाताची जागा तीच धरून ठेवते. ती अवेळी गेली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात, आणि पुढे वाकड्या दातांना तारा बसवण्याचा खर्च येतो तो वेगळाच.

पण आज मला वाकड्या दातांबद्दल बोलायचं नाही. बोलायचं आहे ते या “पडणारच की” मुळे पुढे काय होतं त्याबद्दल. समजा, तुम्ही सेलूला किंवा गंगाखेडला राहता. दाढेत काळा ठिपका दिसतो, तुम्ही बघता आणि विसरता. काही महिन्यांनी लेकरू एकाच बाजूने जेवायला लागतं. मग एका रात्री दोन वाजता कळवळून उठतं. सकाळी गाल सुजलेला. त्याच दिवशी, रात्रभर न झोपलेल्या, उपाशी, दुखण्याने वैतागलेल्या पोराला तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरांकडे नेता. अनोळखी खुर्ची, डोळ्यांवर दिवा, मशीनचा आवाज आणि हातपाय धरायला दोघं. त्या दिवशी दाढ निघते खरी, पण मनात जी धास्ती बसते ती निघत नाही. पुढच्या वेळी ते पोर दवाखान्याच्या पायरीवरच लोळण घेतं, म्हणून आपण नेणं लांबवतो. लांबवलं की कीड वाढते, आणि मग डॉक्टर म्हणतात, “याला भूल द्यावी लागेल.” आई संमतिपत्रावर सही करायला बसते तेव्हा तिचा हात थरथरतो. या साखळीची पहिली कडी आपल्या हातात असते आणि शेवटच्या कडीलाही घाबरून जायचं कारण नसतं, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी ‘कीड’ या शब्दाबद्दल. आपल्या भाषेने इथे थोडा घोटाळा करून ठेवला आहे. कीड म्हटलं की अळी डोळ्यांपुढे येते, आणि आठवडी बाजारात बसणारे काही लोक तोंडात धूर सोडून किंवा नळी लावून ‘अळी’ काढूनही दाखवतात! ती त्यांच्या हातचलाखीतली असते. दातात अळी नसते हे पिएर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ सालीच आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं होतं. खरं घडतं ते असं: तोंडात सूक्ष्म जंतू असतात, ते साखर आणि पिठूळ पदार्थ खातात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताचं कवच विरघळवतं. प्रत्येक गोड घासानंतर साधारण अर्धा तास हा मारा चालतो, मग लाळ हळूहळू डागडुजी करते.

यातच एक सोपी युक्ती दडली आहे. किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं याला जास्त महत्त्व आहे. सणाला जेवणात दोन पुरणपोळ्या खाल्ल्या तर खुशाल खाऊ द्या. पण पाडव्याला गळ्यात साखरेच्या गाठीची माळ घालून पोर दिवसभर एकेक गाठी चोखत हिंडतं, तेव्हा लाळेला डागडुजीला उसंतच मिळत नाही. फोटो काढा, कौतुक करा आणि माळ उतरवून ठेवा. जेवणानंतर दोन गाठी द्या. बोरन्हाणाचंही तसंच. पूर्वी बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे डोक्यावरून ओतले जायचे. आता त्यात निम्म्या चॉकलेटच्या गोळ्या असतात आणि त्या पुढे आठवडाभर चालतात. परभणीच्या फेब्रुवारीतल्या उरुसाहून आणलेल्या मिठाईच्या पुड्याचीही हीच गत.

मात्र सणांना फार दोष देऊ नये. सण वर्षातून पाच-दहा दिवस. खरा चोर रोजचा आहे. तो म्हणजे चहात बुडवलेलं बिस्किट. मऊ झालेलं बिस्किट दाढेच्या खाचेत सिमेंटसारखं बसतं. सकाळी चहा-बिस्किट, शाळेच्या डब्यात क्रीमचं बिस्किट, चार वाजता कुरकुऱ्यांची पुडी. त्यापेक्षा आपली ज्वारीची भाकरी, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, काकडी बरी. (शेंगदाणे-फुटाणे चार-पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना मात्र देऊ नका, श्वासनळीत अडकतात.) आणि एक घात म्हणजे रात्रीची दुधाची बाटली. झोपेत लाळ कमी सुटते. साखर घातलेलं दूध वरच्या पुढच्या दातांवर रात्रभर साचून राहतं. खालच्या दातांवर जीभ असते म्हणून ते वाचतात, आणि दोन वर्षांच्या बाळाचे वरचे चार दात तपकिरी होऊन झिजतात. बाटली सोडवता येत नसेल तर रोज थोडं थोडं पाणी वाढवत न्या, शेवटी नुसतं पाणी उरू द्या. आठवडाभर रडारड होईल. खोकल्याची गोड औषधं रात्री दिलीत तर वरून पाणी पाजा.

महिन्यातून एकदा, अंघोळीनंतर, लेकराला खिडकीजवळ मांडीवर आडवं घ्या आणि वरचा ओठ हलकेच उचलून पाहा. हिरडीच्या कडेला दातावर खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण. ही रेघ अजून परतवता येते. तपकिरी खड्डा पडला की ती वेळ गेली. दुधाचे दात एकूण वीस. अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. आणि सहाव्या वर्षी, शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही मागे, एक नवी दाढ गुपचूप येते. कोणताही दात पडलेला नसतो, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. ही दाढ दुधाची नाही, पक्की आहे. ती गेली की कायमची गेली. कितीतरी घरांत तिलाच दुधाची समजून किडू दिलं जातं!

दात घासायला फ्लोराइडची साधी पेस्ट वापरा. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइडची मर्यादा १००० पीपीएम आहे. डबीवर लिहिलेलं असतं, वाचत जा. लहान मुलांच्या रंगीत, फळांच्या चवीच्या काही पेस्टमध्ये ते फारच कमी असतं किंवा नसतंच. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. जाहिरातीत ब्रशभर लाट काढतात, ती पेस्ट लवकर संपावी म्हणून! रात्रीचं घासणं सकाळच्यापेक्षा मोलाचं, आणि सात-आठ वर्षांपर्यंत ते आईनं किंवा बाबांनी स्वतः करून द्यायचं. ज्याला बुटाची नाडी नीट बांधता येत नाही त्याला दातही नीट घासता येत नाहीत, असा साधा अंदाज धरा. मराठवाडा-विदर्भाच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त असतं. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात किनवटकडची गावं त्यासाठी माहीत आहेत. पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते गेलं तर दातांवर पांढरे-तपकिरी डाग येतात. तुमच्या गावात बऱ्याच मुलांचे दात असे डागाळलेले असतील तर पेस्ट कोणती वापरावी हे डॉक्टरांना विचारा आणि पिण्याचं पाणी तपासून घ्या.

दुखऱ्या दाढेत मिश्री दाबायची पद्धत अजून गेलेली नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. ती लेकराच्या तोंडात कधीच घालू नका, आणि तुमच्याही. लवंगाचं तेल थेट ओतलं तर हिरडी भाजते.

आता भीतीबद्दल.

भीती दवाखान्यात सुरू होते असं आपल्याला वाटतं. नाही हो, ती आपल्या स्वयंपाकघरात सुरू होते. “जेवत नाहीस? थांब, डॉक्टरकाकांना सांगते, मोठ्ठी सुई टोचतील!” दहा वेळा असं म्हटल्यावर अकराव्या वेळी त्याच काकांसमोर बसवून “आता शहाण्यासारखं तोंड उघड” म्हणायचं, तर ते लेकरू काय समजेल? दुसरी चूक याच्या उलटी. “काही करणार नाहीत, नुसतं बघणार आहेत,” असं सांगून न्यायचं आणि आत गेल्यावर दाढ काढायची. त्या दिवसापासून आईचा शब्द खोटा ठरतो. खरं पण छोटं सांगा: “डॉक्टर तुझे दात मोजणार आहेत. एखादा दात दुखतोय तो बरा करणार आहेत. थोडं विचित्र वाटेल, मी तिथेच असेन.” सुई, टोचणं, ओढणं, रक्त हे शब्द घरातल्या कोणीच काढू नयेत, थोरल्या भावंडाला आधीच बजावून ठेवा, कारण खरी करामत तेच करतं.

पहिली भेट काही दुखत नसताना व्हावी, शक्यतो पहिल्या वाढदिवसाच्या आसपास. तेव्हा डॉक्टर काही करत नाहीत. तुम्ही आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसता, बाळाचं डोकं त्यांच्या मांडीवर आणि पाय तुमच्याकडे, दोन मिनिटांत काम होतं. मोठ्या मुलांशी वागण्याची एक रीत जगभर शिकवली जाते, अ‍ॅडलस्टन नावाच्या दंतवैद्याने १९५९ मध्ये मांडलेली: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. म्हणजे आरसा हातात देणं, हवेचा फवारा आधी नखावर मारून दाखवणं, आणि मगच दातावर. चांगले डॉक्टर मुलाला एक खूणही ठरवून देतात, डावा हात वर केला की मी थांबेन. आणि ते खरंच थांबतात. तुमचे डॉक्टर असं करतात का ते पाहा. घाईघाईत हातपाय धरूनच काम सुरू करत असतील तर विचारायला संकोचू नका. गाल सुजून ताप चढला असेल अशा अडीनडीला थोडं धरावं लागतं, ते वेगळं. एरवी साध्या कामासाठी नको.

वेळ सकाळची घ्या, झोप झालेली असताना. सोबत एकच मोठं माणूस पुरे. आजी, मावशी, आत्या सगळ्या आल्या की सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी. तुम्हाला स्वतःला दातांच्या डॉक्टरांची धडकी भरत असेल तर त्यांच्या बाबांना पाठवा. लेकरू शब्द ऐकत नाही, आईच्या हाताची पकड ऐकतं. आणि बक्षीस म्हणून चॉकलेट कबूल करू नका बाई!

लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर वेगळे असतात, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. दंत महाविद्यालयांत त्यांचा स्वतंत्र विभाग असतो. परभणीत सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे; छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. महाविद्यालयात वेळ जास्त लागतो, पण लेकराला सावकाश हाताळलं जातं आणि खर्च सहसा कमी येतो. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, म्हणजे २०१३ पासून, आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा मुलांना तपासतं. त्या तपासणीत दातही येतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि चिठ्ठी दिली तर ती दप्तरात विसरू नका.

ड्रिल न लावता करण्याजोगे उपायही आता आहेत. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध खड्ड्यात नुसतं लावलं की बऱ्याचदा कीड तिथल्या तिथे थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. दोष एकच, किडलेला भाग काळाकुट्ट होतो. पुढच्या दातावर आईला ते बघवत नाही, पण दुखणं आणि भूल टळत असेल तर काळा डाग मी तरी पत्करेन. दाढांसाठी स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंनी रूढ केलेली रीत आहे: कीड न कोरता, इंजेक्शन न देता, दाढेवर स्टीलची टोपी घट्ट बसवून कीड आतच कोंडायची. प्रत्येक दाढेला हे चालत नाही. दाढ रात्री आपोआप ठणकत असेल, हिरडीला फोड आला असेल तर नाही. पण विचारून पाहायला हवं.

आता भुलीकडे वळू. आपण ‘भूल’ हा एकच शब्द तीन-चार वेगळ्या गोष्टींना वापरतो, म्हणून घाबरगुंडी होते.

हिरडीत इंजेक्शन देऊन दाताची जागा सुन्न करतात, ती जागेपुरती भूल. त्यात मूल पूर्ण जागं असतं. आधी हिरडीला मलम लावतात, म्हणजे टोचलेलं फारसं कळत नाही. दुसरा प्रकार लाफिंग गॅसचा. हॉरेस वेल्स नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १८४४ च्या डिसेंबरात हा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली, तेव्हापासून दातांशी त्याचं नातं आहे. आज तो भरपूर ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावरच्या छोट्या मुखवट्यातून देतात. मूल जागं असतं, बोलतं, फक्त सैलावतं. शेवटी पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की अंमल उतरतो. चार-पाच वर्षांपुढच्या, थोड्या घाबरणाऱ्या पण सांगितलेलं ऐकणाऱ्या मुलांना हा उत्तम. नाक चोंदलेलं असेल किंवा मुखवटाच लावू देत नसेल तर उपयोग नाही.

तिसरं, गुंगीचं औषध, पाजून किंवा नाकात फवारून. मिडाझोलाम त्यातलं नेहमीचं. मूल पेंगतं, काही मुलं मात्र उलट चिडतात आणि जास्तच रडतात, हे आधी माहीत असलेलं बरं. आणि चौथी पूर्ण भूल, मोठ्या रुग्णालयात, भूलतज्ज्ञांच्या हाताखाली. दोन-तीन वर्षांच्या मुलाचे आठ-दहा दात किडलेले असतील, किंवा विशेष मूल असेल ज्याला खुर्चीत बसणंच शक्य नाही, तर पाच-सहा वेळा रडवून, धरून काम करण्यापेक्षा एकदाच पूर्ण भुलीत सगळं उरकणं हेच दयेचं असतं. तिथे “आमच्या लेकराला भूल नको” असा हट्ट धरू नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये सावधगिरीचा इशारा दिला तो तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त वेळ दिल्या जाणाऱ्या भुलीबद्दल. एकदा, थोड्या वेळाची भूल ही त्यातली गोष्ट नाही. तरी मूल तीनच्या आत असेल तर “थांबता येईल का?” हे जरूर विचारा.

धोका असतो तो श्वासाचा. ठरवल्यापेक्षा मूल जास्त खोल झोपलं तर जीभ मागे जाते, श्वास मंदावतो. म्हणून सही करण्यापूर्वी शांतपणे विचारा: औषध कोण देणार? दात करणाऱ्या डॉक्टरांखेरीज नुसतं माझ्या मुलावर लक्ष ठेवायला कोण असणार? बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावणार ना? कोविडच्या दिवसांत तो घराघरांत पोचला, आता तुम्हाला नवा नाही. दवाखान्यात ऑक्सिजन आहे ना? मुलाचं वजन त्याच दिवशी करून घ्या, कारण गुंगीच्या औषधाचं माप वजनावर ठरतं. अंदाजाने “पंधरा किलो असेल” चालत नाही. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. ज्यांना येतो, तिथे सही न केलेली बरी. तुम्हीही लपवू नका: घोरतो का, टॉन्सिल वाढलेत का, दमा आहे का, काल सर्दी होती का, पूर्वी कोणत्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली होती का.

आणि कोणी म्हणालं, “घरूनच हे झोपेचं औषध पाजून आणा,” तर साफ नाही म्हणा. एके काळी मुंबईतल्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन निजवत. त्यांचा नाइलाज होता. रिक्षात, बसमध्ये, आईच्या खांद्यावर मान कलंडलेल्या लेकराचा श्वास कोण मोजणार?

उपाशी ठेवण्याचा नियमही असाच पाळायचा. गुंगी किंवा पूर्ण भुलीच्या आधी साधारण सहा तास काही खाणं नाही, गाई-म्हशीचं दूधही नाही. आईचं दूध चार तास आधीपर्यंत आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. तुमचे डॉक्टर वेगळं सांगतील तर त्यांचंच ऐका. पोटात अन्न असलं आणि उलटी झाली तर ती श्वासनळीत जाते, म्हणून हा आटापिटा. घरात पाहिजे त्याला बजावा, कारण “उपाशी कसं धाडायचं लेकराला” म्हणून कोणीतरी मायेपोटी मागच्या खोलीत बिस्किट भरवतंच. भरवलं असेल तर डॉक्टरांना सांगून टाका. तारीख पुढे जाईल, एवढंच.

घरी येताना दोघं असावीत, एकानं फक्त मुलाकडे बघायचं, मान पुढे पडू द्यायची नाही. पहिले काही तास कुशीवर झोपवा, अधूनमधून हाक मारून उठतंय ना ते पाहा. आधी पाणी, मग पेज, वरण-भात संध्याकाळी. ओठ दोन-तीन तास सुन्न राहतो आणि मुलं गंमत म्हणून तो चावत बसतात. संध्याकाळी सुजलेला ओठ बघून घरात गोंधळ उडतो. तेवढा वेळ लक्ष ठेवा. उठतच नसेल, श्वासाचा आवाज विचित्र येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे चढणं, तोंड न उघडणं, गिळता न येणं हीदेखील त्याच घाईची लक्षणं आहेत, भूल दिलेली असो वा नसो.

पुढची भेट सहा महिन्यांनी. ज्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख लिहिता, त्याच्या त्या पानावर आजच टिपून ठेवा, आणि खाली स्वतःचंही नाव घाला. आईच्या किडलेल्या दातांतले जंतू चाखलेल्या चमच्यावरून बाळाच्या तोंडात जातात, आणि तुम्ही दातांच्या डॉक्टरांकडे गेलात त्याला किती वर्षं झाली?